बगळ्यांच्या घरचं कार्य

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून डायरी. रोज. यंदाचं वर्ष टॅलमन गावाच्या इतिहासात जाणार आहे आणि बाकीचे लोक नुसते फोटो काढत बसणार. कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

चौतीस दिवस उरले. ६ सप्टेंबरला आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला, म्हणजे आमच्या बगळ्यांना, कॅम्पसवर स्वतःचं स्टेडियम मिळतंय. एकतीस वर्षं मी पन्नास मिनिटं गाडी हाकत दुसऱ्या गावच्या बेसबॉलच्या मैदानावर जाऊन या टीमसाठी घसा बसवून घेतला. आमचे हाडवैरी, हॉलिस टेक कॉलेजचे लोक, आम्हाला भाडेकरू म्हणायचे. आता म्हणून दाखवा म्हणावं.

स्टेडियम हवं असं पहिलं पत्र कॉलेजला १९९८ साली मी लिहिलं. उत्तर आलं नाही, पण स्टेडियम आलं. म्हणजे पत्र वाचलं.

संकल्प: पोट कमी करणे. केंड्राला दर रविवारी फोन करणे. आज रविवार आहे, पण सुरुवात पुढच्या आठवड्यापासून केलेली बरी.

५ ऑगस्ट, मंगळवार
केंड्राचाच फोन आला. लेकीला बापाची ओढ असते. लग्न ठरलंय. १८ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी साडेपाच, तळ्याकाठच्या चर्चमध्ये. इथून सव्वा तास. नवरा मुलगा शाळेत गणित शिकवतो. फुटबॉल बघत नाही. असतात बिचारे असेही.

तारीख ठरवायच्या आधी तिने टीमचं वेळापत्रक पाहिलं. बाबा, मुद्दाम तुझा मोकळा शनिवार शोधला, म्हणाली. आमच्या गावात मॅचच्या शनिवारी कुणी लग्न करत नाही. मयताची वेळसुद्धा आधी विचारून ठेवतात. पोर माझ्या वळणावर गेली आहे. मी म्हणालो, पहिल्या रांगेत सगळ्यात आधी मी. ती म्हणाली, ठीक आहे बाबा.

तिला हाताला धरून आत घेऊन जायचं ते बापानेच. ते काही तिने वेगळं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

६ ऑगस्ट
बहीण ग्वेनला ही बातमी दिली. म्हणाली, वर्लिन, या वेळी तरी जा. या वेळी तरी म्हणजे काय? लोकांना जुनं उकरायची सवय असते. केंड्रा जन्मली तो नोव्हेंबरचा शनिवार होता आणि पहिलटकरणीला वेळ लागतो असं डॉक्टरच सांगतात. मी मॅचच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत निघालो होतो. तिच्या पदवीदानाच्या दिवशी प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची मॅच होती. शाळेच्या नाटकाला गेलो नाही हे खरं, पण त्यात ती झाड झाली होती. एक वाक्य नव्हतं तिला.

२० ऑगस्ट, बुधवार
सीटचं पत्र आलं. एकतीस वर्षांच्या निष्ठेला काहीतरी मान असेल असं वाटलं होतं, आणि आहे. सगळ्यात वरची रांग, कोपऱ्यात. पुढे दिव्याचा खांब. खेळाची आखणी ज्याला कळते त्याने उंचावरूनच बघायचं असतं. प्रशिक्षकाचे मदतनीसही वरच बसतात. खांब मान वाकवली की दिसत नाही.

केंड्राला फोन राहिलाच.

२ सप्टेंबर, मंगळवार
अनर्थ. जिन्यांचं काँक्रीट तपासणीत नापास. ६ तारखेचं उद्घाटन रद्द. सप्टेंबरच्या मॅचेस पुन्हा त्या बेसबॉलच्या मैदानावर. जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)

४ सप्टेंबर, गुरुवार
नवी तारीख जाहीर. हॉलिस टेकचाही तो शनिवार मोकळा निघाला, त्यामुळे त्यांच्याशीच उद्घाटनाची मॅच. हॉलिस टेक, आमच्या घरात, पहिल्याच दिवशी. देव आहे.

तारीख १८ ऑक्टोबर.

४ सप्टेंबर, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. अडचण काहीच नाही. आमच्यासारख्या टीमला टीव्हीवाले सकाळी अकराची वेळ देतात. अमेरिकन फुटबॉल साडेतीन तास चालतो, म्हणजे मॅच अडीचला संपणार, लग्न साडेपाचला. मध्ये अंघोळही होईल.

केंड्राला सांगितलं. मला वाटलं आदळआपट करेल. नाही केली. ठीक आहे बाबा, तुला जमेल तसं ये, म्हणाली. किती समजूतदार. तिच्या आईने असं समजून घेतलं असतं तर आज आमचा संसार टिकला असता.

१४ सप्टेंबर, रविवार
केंड्राचा सावत्र बाप रसेल मी काम करतो त्या दुकानात आला. दातांचा डॉक्टर. मी रंगाच्या काउंटरला होतो. त्याने पोर्चसाठी पांढरा रंग घेतला. पांढऱ्या रंगाच्या दोनशे छटा असतात हे त्याला माहीत नाही, पहिला दिसला तो उचलला. स्वभाव असा गुळमुळीत. लग्नाचं काही लागलं तर सांग म्हणालो. म्हणाला, वर्लिन, तू फक्त ये. वाक्य चांगलं होतं, पण आवाजात थोडी कीव होती. त्याला फुटबॉल कळत नाही, त्याची मलाच कीव येते.

६ ऑक्टोबर, सोमवार
टीव्हीवाल्यांनी वेळ जाहीर केली. दुपारी अडीच. अकरा नाही. अडीच.

पुन्हा हिशोब. पहिला अर्धा खेळ चारला संपतो. मध्यंतरात निघायचं, सव्वापाचला चर्च. सूट गाडीत. टाय सिग्नलला. केंड्राला विचारलं, लग्न सहाला नाही का करता येणार? बघू म्हणाली. बघू म्हणजे हो.

१२ ऑक्टोबर, रविवार
ग्वेनचा फोन. पाऊण तास. तिच्या मते मी मॅचला जाऊच नये. माझ्या मते बापाने मुलीला निष्ठा म्हणजे काय ते दाखवायला हवं, आणि लग्नाच्या दिवसाहून चांगला दिवस कुठला. ग्वेन म्हणाली, तुला स्वतःचं बोलणं ऐकू येतं का रे? येतं. म्हणूनच बोलतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आज संध्याकाळी चर्चमध्ये लग्नाची तालीम आणि मग जेवण. इथे कॉलेजच्या चौकात शेकोटी आणि बँड. चालायची काय तालीम करायची? अठ्ठावन्न वर्षं चालतोय. केंड्राला तसं कळवलं. ती म्हणाली, काळजी करू नको, रसेल करतोय तुझ्या जागी. उत्तम. राखीव खेळाडू सरावालाच वापरायचा असतो.

चेहऱ्यासाठी निळा रंग घरी आणलाय, बगळ्याची चोच काढायला. दुकानातलाच, पावसात न जाणारा. मर्ल म्हणाला, अरे हा कुंपणाला लावतात. मर्ल आणि मी एकतीस वर्षं मॅचआधी पार्किंगमध्ये शेजारी शेजारी शेगडी लावून सॉसेज भाजतोय, पण रंगातलं त्याने मला शिकवू नये.

१८ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी ६.१०. पार्किंगमध्ये पहिला मी. मागे मर्लचा ट्रक, त्याच्या मागे त्याची शेगडी. सूट मागच्या सीटवर. चोच काढून झाली.

दुपारी १.५०. आत आलो. खांबाचं काही वाटलं नाही. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बँड वाजतोय, मैदानाच्या मधोमध रंगवलेला आमचा बगळा. रडलो. खरंच रडलो. शेजारच्या अनोळखी बाईने हात धरला. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

२.२५. वीज. नियम असा की आठ मैलांत वीज दिसली की मैदान रिकामं, आणि शेवटच्या विजेपासून तीस मिनिटं खेळ नाही. सगळ्यांना जिन्यांखाली पिटाळलं. तीस मिनिटांनी काय बिघडतंय.

२.५१. पुन्हा वीज. तीस मिनिटं पहिल्यापासून.

३.१८. पुन्हा. मध्यंतर सोडून दिलं. पहिला पाव खेळ बघून निघणार.

३.४४. पुन्हा. आता फक्त पहिली किक. एकतीस वर्षांनंतर माणूस एक किक मागू शकतो. सव्वाचारला किक, तिथून गाडी जरा ताणली तर साडेपाचला पाच कमी.

४.१२. दोन मिनिटं राहिली होती. चाळीस हजार लोक श्वास रोखून उभे. आणि चमकली.

४.३०. आत्ता निघावं का याचा विचार केला. पण एकदा गेटबाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. आणि मी बाहेर पाऊल टाकल्याबरोबर किक झाली तर? मर्लला विचारलं, माझ्या गाडीमागचा ट्रक काढशील का? म्हणाला, कशाला? म्हणालो, केंड्राचं लग्न आहे साडेपाचला. त्याचा सॉसेज हातात तसाच राहिला. आज? मग तू इथे काय करतोयस? आणि म्हणाला, चल, आत्ता काढतो ट्रक, चल. मी म्हणालो, पाच मिनिटं थांब. पश्चिमेकडे उजळत होतं.

५.०५. चार-चाळीसला एक चमकली, आता आणखी एक. ही वीज नव्हती, कुणाच्या तरी कॅमेऱ्याचा फ्लॅश, असं माझं मत. पंच ऐकत नाहीत.

५.१०. केंड्राला 'निघालोय' असा मेसेज टाकला. जात नाही. एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठलं. टाकला हे महत्त्वाचं.

५.२८. आता ती दारात उभी असेल. लग्नं कधी वेळेवर सुरू होत नाहीत. दहा मिनिटं थांबतातच बापासाठी.

५.४०. मॅच रद्द. पुन्हा होणार नाही, दोन्ही टीमना तारीख नाही. कुणी चेंडूला पायसुद्धा लावला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
पार्किंगमधून बाहेर पडायला तास-सव्वा तास. पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. नाच सुरू झाला होता. चोच निघाली नव्हती. केंड्राच्या आईने, लोरेटाने, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, वर्लिन, तोंड धुऊन ये. पाण्याने जाईना. रसेल बाथरूममध्ये आला, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि कापसाने हळूहळू माझं तोंड पुसत बसला. त्या कामाची त्याला सवय आहे. एक टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

माझी जागा फोटोग्राफरच्या टेबलावर होती. ताटाशेजारी छापील पत्रिका, त्यात कार्यक्रमाचा क्रम. वधूला घेऊन येणार, आणि पुढे रसेलचं नाव. मला राग आला नाही. ऐन वेळी बदल करावा लागला असणार, माझी चूक मी मान्य करतो. केंड्रा टेबलापाशी आली तेव्हा मोठ्या मनाने म्हणालो, बरं झालं, दोन तासांत छापून देणारा कुणीतरी मिळाला.

ती म्हणाली, नाही बाबा, पत्रिका ऑगस्टमध्येच छापून आल्यात.

मी म्हणालो, ऑगस्टमध्ये तर या शनिवारी मॅच नव्हती.

ती म्हणाली, हो, माहीत आहे. केक खाल्लास का? आणि माझ्या खांद्यावर जरा हात ठेवून ती नाचायला गेली. चिडली नव्हती. चेहरा छान हसरा होता, आणि ते हसू माझ्यासाठी नव्हतं.

सकाळपासून कारण शोधतोय. वीज, मर्लचा ट्रक, टीव्हीवाले, काँक्रीट. एकही ऑगस्टपर्यंत पोचत नाही. ऑगस्टमध्ये हा शनिवार मोकळा होता. तेव्हा नुसता मी होतो.