खंडेनवमीचे चार थेंब

सँडीफोर्ड, डब्लिन
रविवार, दिवाळी दोन दिवसांवर

तीर्थस्वरूप बाळासाहेबमामांना जयदीपचा दंडवत. (व्हिडिओ कॉलवर वाकलो की तुम्हाला नुसतं माझं टक्कल दिसतं, म्हणून या वेळी कागदावर.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? लीलावतीमामींचा मोतीबिंदू निघाल्यावर त्यांना आता तुमच्या दाढीचे खुंट दिसायला लागले असतील, तेव्हा सांभाळून राहा. आम्ही दोघं इकडे सुखरूप आहोत. म्हणजे अबोली सुखरूप आहे. मी आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणाल. फोन तुम्ही स्पीकरवर घेता, मामी स्वयंपाकघरातून उत्तरं देतात आणि आमच्या फ्लॅटच्या भिंती पापडासारख्या आहेत. व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर तुम्ही ते घरच्या ग्रुपवर पुढे ढकलता. (माझ्या मूळव्याधीचं तसंच झालं. अजून बडोद्याची आत्या विचारते.) हे पत्र वाचून फाडून टाका.

अबोली कॉलेजात असताना एनसीसीत नेम धरायची, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या लग्नात तिच्या बाबांनी ते पंगतीतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. इथे दोन वर्षांपूर्वी तिने एअरगनच्या क्लबात नाव घातलं. छऱ्याच्या बंदुकीलासुद्धा इथे पोलिसांकडून परवाना काढावा लागतो, आणि तो तिच्या एकटीच्या नावावर आहे. क्लब म्हणजे गावाबाहेर एका गाईगुरांच्या शेतामागची पत्र्याची शेड. दर शनिवारी मी गाडी चालवतो आणि मग काचेबाहेरच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसतो. काचेच्या आत अबोली असते, आणि डेक्लन.

हा डेक्लन बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक. क्लबातल्या सगळ्या बंदुका तोच खोलतो, तोच जोडतो. माणूस चांगला आहे असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो, मोठ्याने. पण मामा, आमच्या घरात हल्ली प्रत्येक वाक्य ‘डेक्लन म्हणतो’ने सुरू होतं. स्वयंपाकघरातल्या प्रेसचं (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) दार दीड वर्ष कुरकुरत होतं. मी दर आठवड्याला त्याला तेल देत होतो. एके दिवशी अबोली म्हणाली, “डेक्लन म्हणतो, बिजागरीला तेल ओघळून जातं. ग्रीस हवं.” आता सांगा. बाळासाहेब शिलाई मशीनवाल्यांचा भाचा मी, शाळेत असताना तीन उन्हाळे मिरजेच्या तुमच्या दुकानात कुपी घेऊन बसलेला, आणि तेलाच्या बाबतीत मला शिकवणार बसचा मेकॅनिक! त्या दिवशी मी जेवलो, पण भात परत घेतला नाही.

मला हेवा वाटतो असं नाही. (वाटतो. खूप वाटतो. त्याने काही म्हटलं की ती मान हलवते ना, तशी मान माझ्या बोलण्यावर शेवटची कधी हलली ते मला आठवत नाही.)

तर खंडेनवमी आली. अबोलीने मोठ्या हौसेने बंदूक पूजेला घरी आणली. पाटावर बंदूक, माझा ड्रिल, तिचा मिक्सर आणि झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. अबोली निरांजन लावायला आत गेली. परवान्याप्रमाणे मी त्या बंदुकीला बोट लावायला नको होतं. पण तुमच्या दुकानात उरुसाच्या आधी फुगेवाल्यांच्या बंदुका दुरुस्तीला यायच्या, तेव्हा तुम्ही काय करायचात? नळीमागच्या बारीक भोकात मशीनच्या तेलाचे दोन थेंब, वरून बोटाने पुसून घेतलं, की बंदूक वर्षभर गप. तुम्हीच दिलेली कुपी ड्रॉवरमध्ये होती. मी चार थेंब टाकले. दोन तुमच्या रिवाजाचे, आणि दोन डेक्लनला दिसावेत म्हणून. मग वर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून उभा राहिलो.

पुढच्या शनिवारी अबोलीने पहिला छरा मारला. मामा, एरवी ती बंदूक दार लोटल्याइतका आवाज करते. त्या दिवशी शेडमध्ये सुतळी बॉम्ब फुटला. निळा धूर निघाला, शेजारचा म्हातारा “जीझस!” करून टोपीसकट खाली बसला आणि बाहेर गाई पळाल्या. दुसरा छरा नळीतून खोकल्यासारखा निघाला आणि वाटेतच पडला. आतलं सील जळून गेलं होतं. आणि नोव्हेंबरअखेर क्लबांमधली स्पर्धा आहे, तिच्यात अबोलीची पहिल्यांदाच निवड झालेली. ती घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, “सील गेलं.” मी म्हणालो, जुनं झालं असेल. ती म्हणाली, “असेल.”

त्यानंतर मी ऑफिसचं काम सोडून हाच एक अभ्यास केला आहे. फुगेवाल्यांच्या बंदुकीत चामड्याचा वायसर असायचा, त्याला तेल मानवायचं, म्हणून तुमचं बरोबर होतं. हिच्या बंदुकीत कृत्रिम सील. पिस्टन हवा इतक्या झपाट्याने दाबतो की ती तापते, आणि तिथे साधं तेल असलं तर डिझेल इंजिनासारखा भडका उडतो. सीलला फक्त सिलिकॉनचं, तेही जेमतेम बोट ओलं होईल एवढं. पण पिस्टनची बाजू आणि घोड्याचे दात, जिथे पोलादावर पोलाद घासतं, तिथे सिलिकॉन टिकत नाही. तिथे मॉलीचं (म्हणजे मॉलिब्डेनम घातलेलं) काळं ग्रीस. हे सगळं मला आता तोंडपाठ आहे आणि सांगायला कोणी नाही, कारण सांगितलं तर हा अभ्यास अचानक का सुरू झाला तेही सांगावं लागेल.

आणि या काळात काचेच्या आत काय चाललंय? दर शनिवारी बंदूक खोललेली, दोन डब्या उघड्या, आणि अबोली व डेक्लन डोक्याला डोकं लावून बसलेले. तो बोट दाखवतो, ती पुसते. तो बोलतो, बोलतो, बोलतच राहतो, आणि ती मान हलवते. आवाज बाहेर येत नाही. मी चहा ओततो, तो गार होतो, मी तो पितो. तीन शनिवार झाले. माझ्याच हाताने जाळलेल्या सीलमुळे त्या माणसाला तासन् तास बोलणं ऐकायला माझी बायको मिळाली, हे मनात आलं की मला स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटते.

असो. मामींना नमस्कार. चकलीला या वर्षी तरी काटे येऊ देत. गुडघ्याला तेल लावता ना? (कोणतं ते मी विचारत नाही.)

तुमचा
जयदीप

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. पंधरा नोव्हेंबरला तुमच्या पंचाहत्तरीला अबोली फोन करील. तेव्हा आपणहून म्हणा, “अगं, मीच जयदीपला फोनवर बजावलं होतं, पूजेच्या आधी तेल घाल म्हणून.” तुम्ही वडीलधारे, तुम्हाला ती काही बोलणार नाही. मला बोलेल. नाही बोलली तर त्याहून वाईट.

ता. क. २. डेक्लनचं वय विचाराल. एकाहत्तर. त्याने काही फरक पडत नाही.

ता. क. ३. मामा, वरचं रद्द. स्टँप शोधायला अबोलीने ड्रॉवर उघडला आणि पत्र तिच्या हाती लागलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं. मूळव्याधीला हसली, एकाहत्तरला जास्तच हसली. मग खाली बसून म्हणाली, “अरे, डेक्लनने पहिल्याच दिवशी भोकात कापूस फिरवला. मशीनचं तेल, वर लाल कुंकू. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी.” त्या क्लबात ज्याने बंदूक बिघडवली त्यानेच ती खोलून साफ करायची आणि डेक्लनचं सगळं ऐकून घ्यायचं, असा नियम आहे. तीन शनिवार मी काचेतून जे बघत होतो, त्यात ती माझ्या वाट्याची बोलणी खात होती. मी विचारलं, का? तर म्हणाली, “त्याच्याकडून ऐकून घेणं तुला सोसलं नसतं रे.”

म्हणून तुम्ही खोटं बोलायची गरज उरली नाही. येत्या शनिवारी मी आत जाऊन डेक्लनला सांगणार आहे. अबोली थर्मास घेऊन बाकावर बसेल.

आज दुपारी प्रेसच्या बिजागरीला ग्रीस लावलं. राग मानू नका मामा, कुरकुर थांबली.