बिनफटीची पेटी

दि. ९ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर मी सांगत होते की आमच्या लॅबमधलं रक्त तपासायचं मशीन बंद पडलंय आणि सगळं काम खोळंबलंय. त्यावर तू मान डोलावून म्हणालास, की वा, फार छान झालं. तेव्हाच ओळखलं, तुला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. आयुष्यभर करवतीच्या मशीनशेजारी उभं राहिल्यावर कानांचे बारा वाजायचेच, त्याचं मी काही बोलत नाही. कानातल्या यंत्रात सगळी दुनिया किंचाळते म्हणून तू ते कपाटात टाकलंस, तेही समजू शकते. पण वहिनी सांगत होती, की तू आता कोपऱ्यावरच्या तुझ्या दोस्तांत जाऊन बसत नाहीस. घरी कुणी आलं की मागच्या खोलीत जाऊन पटाशीला धार लावत बसतोस. अरे, वर्कशॉप बंद केलंस ना? मग ती धार कुणासाठी?

तर आता माझं ऐक, म्हणजे वाच. पन्नाशीला आलेली घोडी अजून कॉम्प्युटरवर गेम खेळते म्हणून तू मला आजवर मनसोक्त चिडवलंस. मी सध्या ट्रक चालवते. मोठमोठे ट्रक, लांबचे रस्ते, मागे माल भरलेला, आणि आम्ही पाच-सहा जण एकामागोमाग जातो. तिथे तोंडाने कुणीच बोलत नाही, सगळ्या गप्पा टाइप करून. तू ये ना तिथे. तुझ्या मोबाइलवर तो गेम चालायचा नाही, आणि तसंही मोबाइलवर तुझं एक बोट चार अक्षरं दाबतं. त्यासाठी गेमिंग कॉम्प्युटर लागेल. तयार नको घेऊस, सुटे भाग आणून स्वतः जुळव. स्वस्तात होतो आणि तुझ्या हातांना काम मिळेल.

सरळच सांगते दादा, तू असा आत आत जायला लागलास त्याची मला भीती वाटते. मला तुझ्याबरोबर बसायचंय.

लोभ आहेच, या खेपेला त्याच्या जोडीला होकारही धाडावा.

तुझी,
ठकू


दि. २१ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साठी यायच्या आधीच मला म्हातारचळ लागला असं चारचौघांनी म्हणावं, अशी तुझी इच्छा दिसते. पत्र वाचून मी पहिल्यांदा नाही म्हणालो. जेवताना पुन्हा नाही म्हणालो. मग तुझ्या वहिनीने पत्रातल्या ‘जुळव’ या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसली. बाई धूर्त आहे.

गेलो दुकानात. मी काही विचारलं की दुकानदार आधी ओरडला, मग आणखी ओरडला, आणि मग कंटाळून तुझ्या वहिनीशीच बोलायला लागला. जणू मी तिच्या हातातली पिशवी. मला तिथून निघून यावंसं वाटलं आणि मी आलोही. येताना तिने जेवढं लक्षात ठेवलं ते असं, की प्रोसेसर सगळ्यात महागातला घ्या, आणि काचेची एक कॅबिनेट आहे तिच्यात सर्कशीच्या तंबूसारखी रोषणाई होते, ती घ्या. एवढ्यातच माझे पैसे संपत होते. मी मोठी करवत विकली त्याचे पैसे आहेत, त्याच्या वर मी जाणार नाही आणि तुझ्याकडून एक दमडी घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा काय घ्यायचं आणि काय नाही, ते मला कळेल अशा भाषेत लिही. आणि दुकानात पुन्हा जायचं माझ्या जिवावर आलंय, हेही लिहून ठेवतो.

आशीर्वाद कमी पडू देणार नाही, उत्तराला उशीर मात्र करू नये.

तुझा,
दादा


दि. ३० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तो दुकानदार मला भेटला तर मी त्याला सोडायची नाही. पण राग त्याच्यावर काढ, कॉम्प्युटरवर नको. पुढच्या वेळी वही-पेन घेऊन जा आणि म्हणावं, बाबा रे, लिही.

आता नीट वाच. प्रोसेसर हा सुतार. काय कुठे कसं करायचं ते तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड हा रंगारी. आपण वळण घेतलं की अख्खं चित्र पुसून त्याला नवं काढावं लागतं, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. गेममध्ये सगळा घाम रंगारी गाळतो. म्हणून सुतार मधल्या प्रतीचा चालेल, पैसा रंगाऱ्यावर घाल. सगळे नवशिके इथेच उलटं करतात. रॅम म्हणजे तुझं कामाचं टेबल, ते ऐसपैस हवं. सोळा जीबी घे, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, जोडीने चांगल्या चालतात. सामान ठेवायला एसएसडी, जुन्या फिरत्या डिस्कच्या नादी लागू नकोस. मदरबोर्ड साधा बघ, फक्त घेतलेला प्रोसेसर त्यावर बसतो ना ते विचारून घे.

एका गोष्टीत मात्र काटकसर करशील तर माझ्याशी गाठ आहे. वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, चांगल्या कंपनीचा घे. जड दार तू कधी भुक्कड बिजागऱ्यांवर टांगलंस का? तसंच हे. तो जळाला की सोबत चार जणांना घेऊन जातो. पंखे दोन घे, एक पुढे लाव, एक मागे. रोषणाईला दुरून नमस्कार कर. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ठेवायचं खोकं, कुठलीही चालेल, त्यात पैसे घालू नकोस.

वहिनीला नमस्कार. तिच्या धूर्तपणाला माझा लोभ सांगावा, आणि तुलाही थोडा उरवला आहे.

तुझी,
ठकू


दि. १६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सामान आलं! या खेपेला दुकानदार नव्हता, काउंटरवर एक मुलगी होती. मी वही पुढे केली. तिने एक शब्द न बोलता पेन उचललं आणि मी विचारेन त्याचं उत्तर लिहायला लागली. पाऊण वही भरली. प्रोसेसर तू म्हणालीस तसा मधला घेतला. पॉवर सप्लाय इतका जड आहे, की कुणाच्या डोक्यात घातला तर पोलीस येतील. रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, साधा मदरबोर्ड, सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम.

कार्डाच्या वेळी घोळ झाला. आपल्या पैशांत बसत होतं ते कार्ड बरं होतं, पण त्याच्या वरचं जास्त चांगलं, असं तिने लिहिलं. थोडक्यात हुकत होतं. मग मी कॅबिनेट बघितली. ठकू, काय ते खोकं! पातळ पत्रा, आणि पुढून, मागून, वरून भोकंच भोकं. मेलं कपाट आहे की चहाची गाळणी? आतला किमती ऐवज धुळीत घालायचा धंदा नुसता. लाकडाच्या भुशाने किती मोटारी मेल्या त्या मी या डोळ्यांनी पाहिल्यात. मी म्हटलं, हे राहू दे. त्याच्या पैशात वरचं कार्ड घेतलं, आणि कॅबिनेट मी स्वतः करतोय. घरात चांगल्या फळ्या पडून आहेत. तू बघच, धुळीच्या बापाला आत शिरता येणार नाही.

किती दिवसांनी रंधा हातात घेतला! तुझी वहिनी भुशाच्या नावाने बोटं मोडतेय, पण खूश आहे.

लोभ फळीइतका सरळ ठेवावा.

तुझा,
दादा


दि. ८ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. तुमचं मागचं पत्र आलं, त्याला ह्यांनी उत्तर दिलं नाही आणि देणारही नाहीत, म्हणून मी.

पेटी झाली. वन्सं, दागिने ठेवावेत अशी पेटी आहे. वरून हात फिरवला तर सांधा कुठे आहे तेसुद्धा कळत नाही. वायरी बाहेर काढल्यात तिथेही ह्यांनी जाड लोकरी कापड ठोकून बोटभर जागा ठेवलेली नाही. पंखे दोन्ही आत बसवले, एक पुढे, एक मागे. सगळं जुळवून बटण दाबलं आणि पडदा उजळला तेव्हा ह्यांनी मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं. सराव म्हणून ट्रक सुरू केला, जरा पुढे नेला, आणि एकदम सगळं काळं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दिवसभर असंच. आता त्यावर चादर घातलीय. म्हणतात, बसवताना माझ्याच हातून काहीतरी मोडलं, कान गेले ते गेले, आता हातही गेले. येत्या आठवड्यात सगळं दुकानात नेऊन परत देणार, मिळतील ते पैसे घेणार.

काल ह्यांचे जुने दोस्त घरी आले होते. हे मागच्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. पूर्वी निदान तोंड दाखवायचे. मला काही सुचत नाहीये. त्या पेटीचा उपयोग एकट्या मांजरालाच झाला. हे ती लावून बसले, की ते उबेला वर येऊन झोपायचं, हाकललं तरी उठायचं नाही.

तुमचा लोभ ह्यांच्यापर्यंत पोचतो, माझा पोचेनासा झालाय. तेव्हा काहीतरी करा.

तुमची,
वहिनी


दि. १५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीने सगळं कळवलं. तिच्यावर रागावलास तर बघ. सामान दुकानात न्यायचं नाही म्हणून मी तिला फोनवर बजावलंय. कारण मात्र तिला सांगितलं नाही, ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

दादा, तुझ्या हातून काहीही मोडलेलं नाही. तुझे हात गेले नाहीत, ते नको तितके चांगले आहेत! प्रोसेसर आणि कार्ड काम करताना तापतात. ती ऊब बाहेर जायला वाट लागते, बाहेरची थंड हवा आत यायला वाट लागते. त्या पत्र्याच्या खोक्याला भोकं होती ती त्यासाठी. तू सगळ्यांना एका बंद पेटीत कोंडलंस आणि पंखेही आतच लावलेस, ते बिचारे तीच गरम हवा या टोकाची त्या टोकाला नेत बसले. भट्टीच झाली ती, मांजर उगाच नाही वर झोपत. आतला प्रोसेसर जळायच्या आधी शहाण्यासारखा स्वतःच बंद होतो. म्हणजे तो शाबूत आहे.

चूक असेल तर माझी. पंखे लाव म्हणाले, त्यांच्यासमोर भोक पाड म्हणाले नाही. पण दुनियेत दुसरं कोण इतकी चोख पेटी करतं, की हे सांगावं लागेल? तू गाळणी म्हणालास तेव्हा मी पोट धरून हसले, तेव्हाच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता.

आता गिरमिट घे. पुढच्या पंख्यासमोर भोकं, मागच्या पंख्यासमोर भोकं. पुढचा पंखा हवा आत ओढेल असा फिरव, मागचा बाहेर टाकेल असा. धुळीची धास्ती असेल तर पुढून बारीक जाळी लाव, महिन्याने झटक. आणि आधी मांजराला उठव.

परत देऊ नकोस रे. मी हात जोडते.

लोभ करायचा तर आजच करावा, उद्यावर टाकू नये.

तुझी,
ठकू


दि. २४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

जन्मभर फटी बुजवून पोट भरलं. दारात फट राहिली म्हणून एकदा एका गिऱ्हाईकाचं अख्खं कपाट मी परत आणलं होतं. आणि आता तू म्हणतेस, भोकं पाड. गिरमिट घेऊन पेटीसमोर उभा राहिलो, पण हात धजेना. तुझी वहिनी आली, तिने मांजर उचललं, काखेत घेतलं आणि दार ओढून निघून गेली. मग पाडली. पाडायचीच तर ओळीत पाडली, एकही वाकडं नाही. पत्र्याच्या खोक्याने येऊन शिकून जावं.

दुपारपासून यंत्र चालू आहे. एकदाही बंद पडलं नाही. मागच्या भोकांशी हात धरला तर गरम वारा लागतो. चांगलं वाटलं.

आता खरं बोलतो, हे बोलायला मला कागदच बरा. शनिवारी संध्याकाळी मी तुझ्या त्या ट्रकवाल्यांत येणार, पण धास्ती वाटते. अनोळखी माणसं असणार. कुणी काही म्हणालं आणि मला कळलंच नाही तर? सगळे माझ्यासाठी खोळंबले तर? लोकांच्या तोंडावर येतो ना तो कंटाळा, तो मला आता लांबून दिसतो. म्हणून मी मागच्या खोलीत जातो, दुसरं काही नाही. तिथे मागची खोली असते का ग?

तू माझ्या शेजारी गाडी ठेव. लोभ वगैरे नंतर बघू.

तुझा,
दादा


दि. २ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

शनिवारचं तुम्हाला तिकडून जे दिसलं ते दिसलं. इकडचं मी सांगते.

हे दुपारपासूनच खुर्चीवर जाऊन बसले होते. चहा दोनदा निवला. सुरुवातीला अगदी गप्प, पाठ ताठ, एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप करत होते. मी आपली दारात उभी राहून बघत होते. बघितलं तर त्या पडद्यावरचं कुणी घाईत नव्हतं, ह्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत सगळे थांबत होते. मग हे फळ्यांनी भरलेला ट्रक मागे घ्यायला गेले आणि तो तुमच्या ट्रकवर नेऊन आदळला. तुम्ही काहीतरी लिहिलंत. काय लिहिलंत कोण जाणे, मला विचारायचंही नाही.

वन्सं, हे हसले. गालातल्या गालात नाही हो, खदाखदा, खुर्ची हलेपर्यंत. मग दुसऱ्या कुणी काही लिहिलं, पुन्हा हसले. शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या, की एवढे कोण पाहुणे आलेत? मी म्हटलं, आलेत खरे, पाच-सहा जण आहेत. डोळ्याला पदर लावूनच म्हटलं.

गंमत म्हणजे ह्यांना हे ठाऊकच नाही. स्वतःचं हसू ह्यांना ऐकू येत नाही. त्यांना वाटतं, आपण अगदी शांतपणे खेळतोय. तेव्हा एवढंच मागणं आहे, की तुम्ही त्यांना हे सांगू नका. कळलं तर लाजतील आणि आवाज आवरतील.

कळावे. माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, त्यांना मात्र उद्याही हाक मारा.

तुमची,
वहिनी