श्रावणातली तपासणी

१८ जुलै, मंगळवार
शौचात रक्त आहे का ते बघायच्या यांच्या तपासणीला वर्ष होत आलं. आठवण केली तर म्हणाले, "आज अधिक लागला. आपला श्रावण अजून महिनाभर लांब आहे." आणि बोंबील तळायला सांगितले.
चूक डॉक्टरांच्या जुन्या कागदाची. त्यावर 'तीन दिवस मटण नको' एवढंच होतं. यांनी त्यात मासळीही घातली आणि तपासणी श्रावणावर नेऊन ठेवली. तेव्हा असंही बंदच असतं, वेगळा त्याग नको! मीही हसून हो म्हटलं होतं. दुर्बिणीची तपासणी नकोच म्हणणारा माणूस, निदान एवढं तरी करतोय.

२४ जुलै
दवाखान्यातून नवीन बाटली आणली. तिथली मुलगी म्हणाली, "आता काहीही खाल्लं तरी चालतं, काकी. पथ्य नाही." धावत घरी आले. वाटलं, सुटलो.
हे पेपरातून मान वर न करता, "मग घाई कसली? कधीही करता येईल."
सोपं झालं आणि निसटलं.

९ ऑगस्ट
भांडण. बाटली कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "चाळीतून हे घेऊन जायचं म्हणजे काय ते तुला काय कळणार, कॉन्व्हेंटवाली!" चाळीस वर्षं याच गॅलरीतून बादली घेऊन जाते आहे मी. हे तोंडावर बोलायला हवं होतं.
दादा, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आठवत राहिले. गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना रक्त जायला लागलं. मूळव्याध म्हणून सुरणाची भाजी खात राहिले. घर माझ्या टायपिंगवर चाललेलं, म्हणून सांगितलंच नाही कोणाला. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कॅन्सर, फार पसरलाय. दादांना खांदा यांनीच दिला. आणि तरीही...

१७ ऑगस्ट
निज श्रावण लागला. बाटली तिथेच.

२१ ऑगस्ट, सोमवार
आज करतो म्हणाले होते. नाही केलं. संध्याकाळी आपणहून बोलले, "तुक्या नाही ना या वर्षी."
तुकाभावोजी. गिरणीत यांच्या खात्यात, शेजारच्या मागावर होते. दर श्रावणात दोघे सोमवारी सकाळी बाटल्या देऊन यायचे आणि तिथून दादरला साबुदाणा वडा. मला वाटायचं, वड्याच्या लोभाने जातात. आता ते कायमचे गावी गेले, कुडाळजवळ.

२२ ऑगस्ट
भावोजींना फोन केला, यांच्या नकळत. तुमची तपासणी झाली का?
"नाय गो वहिनी. हय कोण इचारता?"
म्हटलं, हे पण करत नाहीत.
"आधी तेका करू दे, मगे मी."
यांना सांगितलं. हे म्हणतात, "आधी तुक्याला करू दे." सत्तरीचे दोन घोडे! कपाळावर हात मारला.
शाळेत सोमवारी सिस्टर नखं बघायच्या. रांगेत सगळ्यांनी हात पुढे करायचे. मॅगी शेजारी असायची, तिची कापलेली असायची म्हणून माझीही. मला एकटीला कोणी विचारलंच नसतं तर? यांच्यावर किती चिडू.

२८ ऑगस्ट, सोमवार
शेवटी मीच ठरवलं. सकाळी सहाला भावोजींना फोन लावून यांच्या हातात दिला.
"तुक्या, बाटली घेतलीस?"
"घेतलंय रे! तू उठ आधी."
पंचा खांद्यावर, बाटली पंच्यात, गॅलरीतून नवरदेवासारखे चालत गेले. भावोजींची कुडाळच्या लॅबमध्ये गेली, यांची मी पोचवली. आल्यावर वडे केले. दादरसारखे नाहीत म्हणाले. खाल्ले मात्र पाच.

२ सप्टेंबर
यांच्या नमुन्यात रक्त आहे.
डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ कॅन्सरच असतो असं नाही. पण दुर्बिणीची तपासणी करायलाच हवी, लगेच. १५ तारीख मिळाली.
महिना फुकट घालवला. अधिक महिना! जपमाळ काढली, अर्ध्यावर ठेवली. प्रार्थनेत सुद्धा यांच्याशी भांडतेय मी.

५ सप्टेंबर
"गणपती झाल्यावर बघू." १५ला काही निघालं तर जाणं राहील, आणि १६ची गावची तिकिटं आहेत, चार महिन्यांपूर्वी काढलेली. घरचा गणपती, पूजा यांचीच. यंदा भाच्याने केली तर देव रागावेल का? विचारलं. भावोजींचं चांगलं आलंय, काही नाही. तेही सांगून पाहिलं. "त्याचं बरं आहे," एवढंच.

११ सप्टेंबर
बॅग भरली यांनी. सोवळं, झांजा. मी माझे कपडे काढून परत कपाटात ठेवले.
"हे काय?"
"मी येणार नाही. मोदक कोणीतरी करेल."
लग्नानंतर एकही गणपती चुकवला नाही मी. संपात सुद्धा नाही. यांनी झांजा बाहेर काढल्या, आत ठेवल्या, पुन्हा काढल्या. घाबरलेत. इतके दिवस मी त्याला हट्ट म्हणत होते.

१३ सप्टेंबर
भावोजींचा फोन आला, यांनी गॅलरीत जाऊन घेतला. काय बोलले कळलं नाही. एकदा "दादा" ऐकू आलं.

१४ सप्टेंबर, दुपार
उद्याच्या तपासणीआधी पोट साफ करायची पावडर मी टेबलावर ठेवून दिली होती. यांनी जेवायला नुसती पेज मागितली. मग विचारलं, "ही किती पाण्यात?"
सांगितलं. मी शेजारच्या वहिनींना एक संडास आज मोकळा ठेवायला सांगून आले.
यांनी पुडी फोडली. मी खुर्ची ओढून समोर बसले आहे. बॅग अजून दाराशीच. ग्लास भरला आहे, हे ढवळतायत.
अजून ढवळतायत.