गिलकी, मका आणि व्हायच्या विहीणबाई

देवास, भर वैशाख

ती. वन्संना प्रेमलाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली आठांतली दोन अंगं टेकत नाहीत, ती टेकली असं धरावं.) तुमचं बीपी, धारचं ऊन आणि तुमची कामवाली, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून पत्र. तुमचे बंधू मजेत आहेत. संकटाच्या दिवशी ते पंखा पुसायला स्टुलावर चढले, ते ताटं मांडल्यावरच उतरले.

संकट म्हणजे रविवारी सृष्टी आणि तिचे आईवडील पुण्याहून जेवायला आले. आपल्या अक्षतचं आणि तिचं आपसांत ठरलेलंच आहे, पण आईनं मान डोलावल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकणार नाही, आणि आईचं मत ताटावर बनतं. (पगार, पत्रिका वगैरे किरकोळ बाबी त्या नवऱ्यावर सोडतात.) बाईंचा आधीच फोन, 'फार काही करू नका हो, उन्हाळा आहे, साधंच करा.' तुम्ही दाल-बाफले, श्रीखंड नि तीन भाज्या सांगितल्या होत्या. मी मूर्खासारखं पाहुण्यांचं ऐकलं.

वरण-भात, पोळी, पन्हं आणि गिलकीची (पुणेकरांसाठी घोसाळ्याची) परतलेली भाजी, तीत मक्याचे दाणे. कढईभर फोडी टाकल्या, कढईच्या मानानं मीठ टाकलं, झाकण ठेवलं. वन्सं, गिलकी म्हणजे निवडणुकीच्या सभेतली गर्दी. मैदानात मावत नाही आणि मतमोजणीला सापडत नाही. झाकण काढलं तर तळाशी मूठभर भाजी, मीठ मात्र कढईभराचं. खारटपणा मारायला आणखी मका घातला. उन्हाळ्यातला हा पिवळा अमेरिकन मका, भाजी गोडमिट्ट झाली. मग मिरच्या. तेवढ्यात शेजारचे भैयासाहेब (फोडणीच्या वासावर सल्ला घेऊन येतात) खिडकीतून म्हणाले, 'अरे भाभीजी, उरलेला भुट्टा किसून टाका, वरून दूध घाला, आपला इंदुरी भुट्ट्याचा कीस होऊन जाईल. कौन पूछता है!' मी किसला. दूधही घातलं. जे झालं ती भाजी नव्हती, कीस नव्हता, खीर होता होता राहिली होती. पण खोटं कशाला सांगू, चव झकास लागली.

खरा घात वाढताना झाला. पळी हातात घेऊन मी ताटापाशी थिजले. भाजी म्हणावं तर उजवीकडे, कोशिंबीर म्हणावं तर डावीकडे, आणि हे काय आहे ते मलाच ठाऊक नाही! बाईंनी ताटाकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं. 'आमच्यात डावं-उजवं फार कडक असतं हं. हे नक्की काय आहे?' सृष्टीचा चेहरा पडला. अक्षत पन्ह्यात बघत बसला. भैयासाहेब (हो, तेही पंगतीला होते, कोणी बोलावलं ते स्टुलावरच्यांना विचारा) म्हणाले, 'बीच में रख दो, झंझट खतम.' अहो, मध्ये भात असतो! बाईंची भुवई चढली. माझ्या मुलाचं लग्न पळीभर मक्यापायी मोडतंय हे मला डोळ्यांसमोर दिसलं. मग मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि भात सरकवून मधोमधच वाढलं. बाईंनी एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या खेपेला पळी त्यांनी माझ्या हातातून घेतली.

एकंदरीत सगळं नीट पार पडलं. तुम्ही मुळीच काळजी करू नये.

तुमची,
प्रेमला

ता. क. : लग्न ठरलं.

ता. क. २ : म्हणजे जवळजवळ. 'काहीतरी बोलून' म्हणजे मी असं म्हटलं, की हा पदार्थ आपल्या धारच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या होतो, मधोमधच वाढतात, आणि त्याला खरा हात फक्त आमच्या वन्संचा. मका गुरांना घालतात असं तुमचं मत आहे, ते सांगायचं राहून गेलं.

ता. क. ३ : बाई इंदूरला बहिणीकडे उतरल्या आहेत. तो पदार्थ तुमच्याकडून शिकल्यावरच साखरपुड्याची तारीख काढू म्हणाल्या. अक्षत हे पत्र घेऊन तुमच्यासमोर उभा असेल. त्याच्या पिशवीत गिलकी, मका, दूध सगळं आहे. मला काय बोलायचं ते लग्नात बोला, आधी कढई चढवा. त्यांची गाडी त्याच्या मागोमागच आहे.