झेनच्या वेशी

९ मार्च
उघडल्या नाहीत! झेनच्या लोकांनी वेशी उघडल्या नाहीत!

दुपारी प्रयोगशाळेत औषधात घातलेल्या काळ्याठिक्कर पट्टीवर अक्षरं वर आली. उत्खननात निघालेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या बांबूच्या या पट्ट्यांचे दोरे केव्हाच कुजलेत, क्रम आम्हीच लावायचा. एका पट्टीच्या शेवटी ‘झेनच्या लोकांनी’. आजच्या पट्टीच्या सुरुवातीला ‘वेशी उघडल्या नाहीत, सरपण संपलं तरी’. जुन्या ग्रंथांत झेन राज्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे. त्याच झेनच्या जागी वसलेल्या आमच्या गावाबद्दल मात्र पंचक्रोशीत टोमणा ठरलेला — घाबरून छू राज्याच्या सैन्याला वेशी उघडून दिल्या, त्यांची पोरं तुम्ही! असं झालंच नाही, हे बाबा एकटे चाळीस वर्षं सांगतायत. शाळेत मास्तर होते तेव्हा पोरं त्यांना ‘झेनचे महाराज’ म्हणायची.

१० मार्च
फोन केला. बाबांना वाक्य वाचून दाखवलं. मग म्हणाले, “परत वाच.” तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा रडले.

१५ मार्च
गावी. बाबांची फुप्फुसं पार गेलीत, पावसाळा दिसणार नाही म्हणतात डॉक्टर. पण बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले! शेजारचे तिएनबाओ काका जन्मभर त्यांची टिंगल करत आले. आज दारूची बाटली घेऊन आले, कान पकडले, बाबांनी आढेवेढे घेत माफ केलं. मी केलेलं कमळकाकडीचं सूप दोन वाट्या प्यायले. गावाच्या तोंडाशी दगड लावायचा घाट घातलाय, त्यावर ते वाक्य कोरून. कारागीरही ठरवला. इतके खूश मी त्यांना आई असतानाही पाहिले नव्हते.

२ एप्रिल
आज पट्ट्यांच्या पाठी तपासल्या. त्या काळी लिहिण्याआधी पट्ट्या शेजारी मांडून पाठीवरून सुरीने एक लांब तिरकी रेघ ओढत, क्रम हुकू नये म्हणून. माझ्या दोन पट्ट्यांची रेघ जुळत नाही. ‘झेनच्या लोकांनी’ची रेघ जुळते ती तिसऱ्याच पट्टीशी — ‘भिऊन वेशी उघडल्या’. न उघडणारे मग शेजारच्या अर राज्यातले.

मी म्हटलं, तिसरीशीही जवळजवळच जुळते, अगदी नाही. आमच्या प्रमुख फू मॅडम म्हणाल्या, “याओ, तुझे बाबा मधे आणू नकोस.” 

खरंच आणत होते का मी?

५ एप्रिल
न सांगता चालेल. किती दिवस राहिलेत त्यांचे? पण तो दगड! खोटं वाक्य कोरलेला दगड, आणि तो त्यांच्या नावाने. नाही.

७ एप्रिल
सांगितलं.

“नक्की?”

“रेघ जुळत नाही, बाबा.”

“बरं. उघडल्या असतील मग.” भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, कारागिराला नको म्हणून कळव. आणि माझ्या वह्या माझ्यामागे जाळून टाक. मी नुसती मान डोलावली.

८ एप्रिल
सूप तसंच.

१९ एप्रिल
बाबा गेले. पहाटे पाच. वेशींचा विषय पुन्हा काढला नाही त्यांनी, एकदाही नाही.

२५ एप्रिल
सातवा दिवस. थडग्यापाशी वह्या जाळल्या. चौदा होत्या. नकाशे, म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेल्या गोष्टी, जुन्या तटाच्या टेकाडाची मापं. तिएनबाओ काका हात धरत होते — एक तरी ठेव पोरी, मला दे. दिली नाही. बाबांचा शब्द होता. शेवटच्या वहीला आग लवकर लागेना, ती पानं सुटी करून घालावी लागली.

२२ मे
पट्ट्यांसोबत आलेल्या तळच्या चिखलातून आणखी एक पट्टी निघाली. लिहिताना एक अक्षर चुकलं म्हणून लेखनिकाने बाजूला टाकलेली. तिच्याऐवजी त्याने दुसरीच कोरी पट्टी घेतली; मार्चमध्ये मला मिळाली ती ही बदली पट्टी, म्हणून तिची रेघ जुळत नव्हती. टाकलेलीची रेघ ‘झेनच्या लोकांनी’शी तंतोतंत जुळते, केसाचाही फरक नाही. मजकूर तोच — वेशी उघडल्या नाहीत. भिऊन उघडणारे अरचे.

फू मॅडमनी दोन्ही रेघा पुन्हा ताडून पाहिल्या. बाहेर निघून गेल्या.

उद्या पस्तिसावा दिवस, आमच्याकडे तो लेकीने करायचा असतो.

बाबांना मी खरं सांगितलं होतं — मार्चमध्ये.