चार खिळ्यांची जागा

सप्टेंबरात चर्चच्या भिंतीवरून स्वतःची गोधडी उतरवून, काखोटीला मारून तू तरातरा निघून गेलीस आणि खिळे तसेच ठेवलेस. बाजूच्या दारातून जाता-येता माझा कोट दोनदा अडकला. अस्तर फाटलं. हे आधी, बाकीचं मग.

हिल्डा, धाकटे, गुडघे कसे आहेत? ऑर्व्हिलचा खोकला? (नवरा तुझा आहे म्हणून विचारते.) मी ठणठणीत आहे, तुला वाईट वाटलं तरी. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पास्टरबाईंच्या हाती धाडते आहे.

माझी नात मारित आली आहे. तिच्या चेलोची रेकॉर्ड निघते आहे, आणि तीही मिनियापोलिसच्या कुठल्या मोठ्या सभागृहात नाही, आपल्या चर्चमध्ये! आपलं लाकडी छत तिला हवं होतं. चारही रचना अमेरिकन माणसांच्या. मला वाटायचं, असलं संगीत जर्मन लोक लिहून मरतात आणि मग आपण ताठ बसून ऐकायचं. पण यातली शेवटची, सगळ्यांत लांब, नेब्रास्कातल्या एका शाळेच्या बाईनं लिहिली आहे. तालमीत ऐकताना मला गोठ्यातून परत येणारे बाबा दिसले. (रडले नाही. चर्च तापवणारी भट्टी बंद होती, नाक गळत होतं.)

रेकॉर्डिंग करणारा लेस्टर म्हणून एक लांबुडका माणूस आहे. आल्या आल्या त्यानं मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, ती मागच्या विटांच्या भिंतीवर आपटून परत आली, आणि त्याचं तोंडच पडलं. म्हणाला, "आजी, इथं प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल." मी म्हटलं, "रडतोस काय, गोधड्या किती हव्यात ते सांग." दुपारच्या आत अकरा घरांतून अकरा गोधड्या आल्या, सज्जाच्या कठड्यावरून खाली सोडल्या. पुन्हा टाळी. गेली ती गेलीच! त्या रेकॉर्डमध्ये माझ्या गोधडीचं काहीच ऐकू येणार नाही, आणि हीच तिची करामत. तीन रचना झाल्या. भट्टी घरघरते म्हणून बंद, बाहेर उणे वीस, आणि माझा कोट सळसळतो म्हणून लेस्टरनं तोही काढायला लावला. दोन तास मी पुतळा. (एवढी गप्प मी लग्नातसुद्धा नव्हते.) मारितची बोटं निळी पडली, पण सूर हलला नाही. शेवटी आपल्या घरातली पोर.

तर सगळं उत्तम चाललं आहे. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

तुझी थोरली,
आल्मा

ता. क. अडलं आहे. त्या नेब्रास्कावालीच्या रचनेत एक सूर एकटाच लांब थांबतो, आणि दर वेळी तुझ्या त्या चार खिळ्यांमधल्या उघड्या भिंतीवरून परत येतो. तिथं माझी गोधडी लावून पाहिली. लहान पडते. (पातळही आहे. झालं समाधान?) लेस्टर गुरुवारी सकाळी जाणार. मारित ती रचना गाळायला तयार झाली आहे. मी नाही.

आणखी एक ता. क. सप्टेंबरात त्या दिवशी कॉफीच्या वेळी सगळ्या बायकांसमोर तुझे टाके मशिनचे आहेत असं मी म्हटलं. ते हाताचेच आहेत. जत्रेत तुला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली त्याच दिवशी मी भिंग लावून पाहिले होते. हे मी त्याच बायकांसमोर म्हणेन, पण एकदाच, तेव्हा वेळेवर ये.

खिळे मी कुणाला उपटू दिलेले नाहीत. उत्तर ऑर्व्हिलनं द्यायचं नाही, तो सगळ्यालाच हो म्हणतो. तू द्यायचंस, बुधवारी, गोधडी खांद्यावर टाकून.