चार कप्प्यांची पेटी

१२ जून २०१६, रविवार
आज उगीचच आठवलं. माझे मिस्टर जिलानी होते तेव्हा, दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते आणि मी स्टुडिओत सतरंजी टाकून फ्रेमा करायचो. ते काच पुसायचे, मी एकेक चूक, म्हणजे बारका खिळा, हातात द्यायची. फोटोच्या मागे पुठ्ठा घालायचा असतो. जिलानी तिथं बिघडलेल्या प्रिंटा घालायचे. काळ्या पडलेल्या, हललेल्या, कशाही. मी चिडायची, लोकांच्या आजोबांच्या मागे परक्यांची लग्नं कशाला? ते म्हणायचे, "पुठ्ठा काय झाडाला लागतो, सालेहा?" मग शेंगा फोडत बसायचो. बस, एवढंच.

आज निश्चय केला. स्टुडिओचे सगळे फोटो एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर आहेत. जिलानींच्या जुन्या निगेटिव्ह बुरशीनं गेल्या. अलीझानं त्याआधी स्कॅन केल्या म्हणून त्र्याण्णवच्या भूकंपाआधीची खेड्यांतली लग्नं उरली. तीही याच कॉम्प्युटरवर. नेटवर्कची स्टोरेज पेटी घ्यायची. नॅस म्हणतात. घरातले, दुकानातले सगळे कॉम्प्युटर तिला जोडतात. एक डिस्क गेली तरी दुसरीवर नक्कल असते.

नांदेडच्या विष्णुपुरीहून अलीझाचा फोन. माझ्या भावाची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "फुफी, आधी एक साधी डिस्क आणा आणि आजच कॉपी मारा. पेटीचं नंतर बघू." पोर हुशार आहे, पण धांदरट. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अर्धवट काम वर्गाबाहेर ठेवायला लावायच्या. मी अभ्यास करूनच घेणार.

१९ जून
रोज्यात डोकं छान चालतं. इंग्रजीतले सोळा लेख वाचले. दोन कप्प्यांची घ्यावी की चार? दोनची पुरते, असं सगळे लिहितात. म्हणजे चारची जास्त पुरेल.

२५ जून
अकरावीची गर्दी. अख्खा मराठवाडा डॉक्टर व्हायला लातुरात आलाय. दिवसभर पांढऱ्या पडद्यापुढे घाबरलेली तोंडं.

त्यात ग्यानोबा आले. औसा तालुक्यातले, भूकंपानंतर नव्या गावठाणात राहतात. नात तनुजा क्लासला लागली, तिचा पासपोर्ट फोटो हवा होता. तो झाल्यावर ते घुटमळले. म्हणाले, "भाभी, जिलानीभाईनं माझ्या भावाच्या लग्नात गुरुप फोटू काढला व्हता. त्यात आमची केवळाबाई हाय. कडंला, तांब्या घिऊन."

केवळाबाई म्हणजे त्यांची बायको. भूकंपात गेली. घरातला फोटोही तिच्याबरोबरच गेला. दर तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, आमच्याकडे त्या गावांतल्या माणसांना एक प्रिंट फुकट मिळते, ही जिलानींनी लावलेली रीत. ग्यानोबा इतकी वर्षं कधी आले नाहीत. म्हणाले, "तवा बघवत नव्हतं. आता ही पोरगी म्हणती, आज्जीचं तोंड कसं व्हतं? होस्टेलात लावायचाय तिला."

तिथल्या तिथं काढून देता आली असती. पण कॉम्प्युटर गुरगुरत होता, आणि अशी प्रिंट मला नीट दुरुस्त करून द्यायची होती. म्हटलं, नवी पेटी येतेय, सगळे फोटो तिच्यात सेफ होतील, मग मोठी करून देते. ग्यानोबा म्हणाले, "न्हाई, घाई न्हाई. तीस तारखेलाच न्हेतो."

किती समजूतदार माणूस.

७ जुलै, ईद
शिरखुर्मा उत्तम झाला. अलीझा आली होती. वाटी हातात घेऊनच विचारलं, "फुफी, कॉपी मारली?" सणाच्या दिवशी असले विषय काढू नयेत.

२१ जुलै
पेटी आली! कॉम्प्युटरवाल्या मुनीबनं दोन कप्प्यांचीच गळ घातली होती. मी इंग्रजीत त्याला फरक समजावला. तो मान डोलवत राहिला. (नंतर पाहिलं, त्याच्या कानात फोनची वायर होती.)

देताना म्हणाला, "आणि डिस्क कोणत्या देऊ, आपा?" पेटीत डिस्क नसतात, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. हे मला अर्थातच माहीत होतं. म्हटलं, त्या मी अभ्यास करून सांगते. मुद्दामच रिकामी मागवलीय.

काउंटरवर ठेवली. धूळ नको म्हणून क्रोशाचा रुमाल घातला. निळा दिवा काय सुंदर लागतो!

१० ऑगस्ट
डिस्कचा विषय गहन आहे. काही डिस्क रात्रंदिवस चालायला केलेल्या असतात, काही नसतात. कुणी लिहितं एका कंपनीच्याच घ्या, कुणी लिहितं मुळीच घेऊ नका.

अलीझाला फोनवर सांगितलं, प्रक्रिया चालू आहे.

वरच्या कप्प्यात क्रोशाचे रीळ बरोबर मावतात.

६ सप्टेंबर
ग्यानोबांचा फोन. "भाभी, घाई म्हणून न्हाई इचारायलो. तनुजानं भिताडावर जागा करून ठिवली. त्या पेटीत हाय ना आमची केवळा?"

मी म्हटलं, हाव, एकदम सेफ.

हे खोटं नाही. कॉम्प्युटरमध्ये आहेच ती, आणि कॉम्प्युटर पेटीच्या शेजारीच असतो. तरी चहा गोड लागला नाही.

पुढच्या शुक्रवारी डिस्क नक्की.

१६ सप्टेंबर, शुक्रवार
मुनीबच्या दुकानाला विसर्जनाच्या दमणुकीची सुट्टी. माझा काय दोष?

२४ सप्टेंबर
उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावात आता पाऊस थांबत नाही. सकाळपासून लाईट आली, गेली, आली, गेली. दुपारी कॉम्प्युटर चालू केला. टक. टक. टक. बाकी काही नाही.

पेटीचा निळा दिवा मात्र लागला.

२६ सप्टेंबर
अलीझा भिजत आली. कॉम्प्युटरमधली डिस्क काढून मुनीबकडे नेली, तिथून हैदराबादला कुणालातरी फोन केला, आवाज ऐकवला. त्यानं सांगितलं, आशा ठेवू नका.

परत आल्यावर ती पेटीकडे वळली. रुमाल उचलला. कप्पा ओढला. रीळ घरंगळत काउंटरखाली गेले.

"फुफी, ह्याच्यात तर काहीच नाही."

"नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती वाकून रीळ गोळा करत राहिली.

२८ सप्टेंबर
ग्यानोबांना काय सांगायचं, ते ठरवलं. (१) विजेचा दोष. (२) हवामान. (३) तंत्रज्ञानाच्या मर्यादा. तिन्ही मोठ्यानं म्हणून पाहिलं. तिसरं म्हणताना आरशात पाहिलं, आणि पुढे म्हणवेना.

परवा दुकान बंद ठेवावं. तब्येत बरी नाही, अशी पाटी.

२९ सप्टेंबर
पाटी सुवाच्य लिहिली. लावायला गेले तर छत गळतंय, आणि धार नेमकी माझ्या कॉन्व्हेंटच्या वर्गाच्या फोटोवर. मधल्या रांगेत मी, सिस्टरच्या शेजारी, दोन वेण्या. हा फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून काउंटरच्या वरच लावलेला. उतरवला. वाळवायला चुका काढल्या.

मागून एक लग्न निघालं.

अर्धी प्रिंट काळी. नवरा-नवरीची तोंडंसुद्धा नाहीत. भूकंपानंतर लोक रांगा लावून प्रिंटा मागायचे, तेव्हा जिलानी दिवसरात्र काढत होते. घाईत बिघडलेली असणार. उजवी कड तेवढी उजळ. तिथं नऊवारीतली एक बाई, हातात तांब्या.

जिलानींचा फोटो सोडून भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा उतरवल्या. अलीझा चुका काढत गेली. देखाव्याच्या मागे मुंज, बारावीच्या पहिल्या टॉपरच्या मागे बारसं, मक्केच्या चित्राच्या मागे कुणाचा तरी बैलपोळा. काळी, हललेली, पण माणसं ओळखू येतात. ज्याला मी आयुष्यभर चिक्कूपणा म्हटलं, तो भिंतीवर जागच्या जागी होता. आणि मी सोळा लेख वाचले.

पाटी फाडली.

३० सप्टेंबर
दोघं आले. ग्यानोबांनी धुतलेला फेटा बांधला होता. मी विजेचं बोलले नाही, हवामानाचं बोलले नाही. म्हटलं, ग्यानोबा, सेफ आहे असं मी म्हणाले ते खोटं होतं. मी काहीच ठेवलं नव्हतं. ही कुठं सापडली तेही सांगितलं, आणि प्रिंट दिली.

ते दाराच्या उजेडाला गेले. प्रिंट डोळ्यांजवळ धरली. तनुजा खांद्यावरून बघत म्हणाली, "आबा, आज्जी लईच बुटकी व्हती की वं!"

तेव्हा ते हसले. "बुटकी? तोंडानं उंच व्हती. ह्यो तांब्या बघ, मला आणायली व्हती. फोटूवाल्यानं थांब म्हटलं तर त्याच्यावरच डाफरली." मग नाक पुसून माझ्याकडे वळले. "भाभी, मंग त्या पेटीत काय हाय?"

"चार कप्पे," मी म्हटलं.

माणूस एवढा हसला की फेटा सुटला. मला रागवायला हवं होतं त्यांनी. जाताना उलट माझीच समजूत घालून गेले, त्याची जास्त लाज वाटली.

अलीझासाठी लिहून ठेवते, कारण माझ्या निश्चयांचा भरवसा नाही.

केवळाबाईंची प्रिंट तनुजाची. नक्कल काढायला दोन दिवस मागून घेतलीय, सोमवारी होस्टेलवर पोचवावी. दुरुस्ती करत बसू नये.

बाकी प्रिंटा आधी साध्या डिस्कवर घ्याव्यात. उद्याच. मग गावांची माणसं येतील तशा ज्याच्या त्याला द्याव्यात, पैसे घेऊ नयेत.

पेटी अलीझाला. डिस्क कोणत्या घालायच्या ते मला विचारू नये. रीळ आणि रुमाल मला परत.

टॉपरच्या फ्रेमला, देखाव्याला, मक्केच्या चित्राला नवे पुठ्ठे. माझ्या वर्गाच्या फोटोला नको, तो पिशवीत ठेवला तरी चालेल.

जिलानींच्या फोटोची फ्रेम उघडू नये. ते गेल्यावर ती मी स्वतः केली होती. मागे पुठ्ठा आहे, कोरा, चांगल्यातला.